उंबऱ्यापासून चुलीपर्यंत तेवीस पावलं

आमच्या घरात वीज आल्याची वर्दी दिव्यावरून मिळत नसे, चक्कीवरून मिळे. ब्राह्मणपुरीत, म्हणजे शहाद्याजवळच्या आमच्या गावात, घराला लागूनच पिठाची चक्की होती. ती सुरू झाली की मधल्या भिंतीवर मांडलेली पितळी भांडी बारीक थरथरायला लागत आणि माय चुलीपुढून ओरडे, "उनी रे लाईट!" त्या वर्षी भारनियमन इतकं होतं की कोणत्या वारी वीज कधी असणार ते मी एका पुठ्ठ्यावर लिहून कपाटाच्या दाराला टांगलं होतं. त्या पुठ्ठ्यावर माझा पूर्ण विश्वास होता, मायचा चक्कीवर होता. बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघे. चक्की सुरू झाली की दळणासाठी बायकांची रांग लागे, आणि आमच्या ओसरीवर नाना नकाशे आखायचा आपला लाकडी टी-स्क्वेअर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत, म्हणजे आता तुझा कंपुटर चालव आणि काय दिवे लावतोस ते दाखव.

नाना म्हणजे माझे वडील. शहाद्याला एका सरकारी अभियंत्याच्या हाताखाली ते सोळा वर्षं नकाशे आखत होते. नंतर घरीच काम घेऊ लागले. आसपासच्या गावांत कोणी घर बांधायला काढलं की आधी नानांकडे येई. घरात आम्ही सगळे अहिराणीत बोलायचो. प्रमाण मराठी ही शाळेची भाषा, तशीच नानांच्या नकाशाचीही. ट्रेसिंग पेपरवर ते टोकदार अक्षरांत 'स्वयंपाकगृह', 'शयनकक्ष' असं लिहीत. हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्यांची एकच शिकवण माझ्या अंगात कायमची बसली. काही बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहून ठेवायची, मग दुसरी. आजही माझ्या टेबलावर त्यासाठी वही असते आणि माझी मुलगी तिला हसते. हसू दे.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. नंदुरबारला आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकताच घरी आलो होतो, आणि येताना एक वापरलेला कॉम्प्युटर आणि घराचा नकाशा उभा करून त्यातून चालायला लावणारं एक सॉफ्टवेअर घेऊन आलो होतो. भिंती उभ्या राहत, दारं बसत, आणि बाणाची कळ दाबली की आपण त्या घरातून चालत निघालो असं पडद्यावर दिसे. नानांनी ते एकदा पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "खेळणं शे."

खेळण्याची गरज पडली ती जिजीमुळे. गावातल्या काशिनाथ आप्पांना नवं घर बांधायचं होतं. जागा त्यांच्या आईच्या नावावर होती आणि सारं गाव त्या आईला जिजी म्हणे. ताठ कण्याची, मोजकं बोलणारी बाई. शेतातल्या पपईच्या ओळी अजून स्वतः फिरून बघायची. नानांनी नकाशा तिच्यापुढे पसरला, बोट ठेवून एकेक खोली सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "कागदवर माले घर दिखस नही, भाऊ. नुसत्या रेघा दिखतस. दिखाबिगर मी अंगठा देस नही." नाना घरी आले. माय फुनके वाफवत होती; तूरडाळीच्या त्या मुटक्यांचा आणि कढीच्या फोडणीचा वास घरभर होता. नाना ताटावर बसले, दोन फुनके मोडून कढीत टाकले आणि मग म्हणाले, "आख्खी जिंदगी रेघा काढामा गयी मन्ही. आजलोंग कोनी म्हनं नही का घर दिखस नही."

मी म्हणालो, मी दाखवतो. आठ दिवस लावून मी तो नकाशा कॉम्प्युटरमध्ये उभा केला. जिजी आप्पांबरोबर आली, खुर्चीवर बसली, मी कळ दाबली. पडदा थांबला, मग दचकून पुढे गेला, परत थांबला. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत तेवीस पावलं होती आणि एकेका पावलाला चार सेकंद लागत होते. सातव्या-आठव्या पावलाला जिजीने खुर्चीचा हात धरला.

"थांब रे भाऊ. घर हाली ऱ्हायनं."

"घर नही हालत जिजी, कंपुटर हळू शे."

"मन्हं डोकं फिरी ऱ्हायनं. असा घरमा मी कशी ऱ्हासू?"

ती उठून गेली. दारातून नाना बघत होते. आप्पा जाताना नानांना हळूच सांगून गेले की विटा ठरल्या आहेत, दसऱ्यानंतरचा रविवार शेवटचा. आईचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर शहाद्याहून दुसरा कोणी बघावा लागेल.

दोष कुठे होता ते मला माहीत होतं. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढण्याचं काम मुख्य यंत्रच अंग चोरून करत होतं. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. मामा सुरतेला एका कापड मिलच्या कचेरीत होते आणि दसऱ्याला येणार होते. मी त्यांना कार्डाचा पूर्ण नंबर फोनवर दोनदा सांगितला आणि त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला. मामांनी ते आणलं, टॉवेलात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा माझ्या हातात देताना म्हणाले, "हाई घे तुन्हं खेळणं. आनि हाई चालनं नही ते चाल सुरतले. मिलना ऑफिसमा बठशी, पंखाखाले." मला वाटलं नाना हसतील. ते म्हणाले, "रविवारलोंग दखाड जिजीले. दखाडं ते ठीक. नहीते सोमवारनी गाडीमा मामासंगे जाय. रेघा काढाले मी एकलाच पुरस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला खरं वाटलं. नानांनी एखादं माप सांगितलं की ते बदलत नसे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते आणि त्यांना विश्रांती असते. कोणी हात लावत नाही. मायने ओसरीवर पाट मांडून नानांचा टी-स्क्वेअर, कंपास, शाईचे पेन ठेवले, आणि कॉम्प्युटर जागेवरच पूजला. पडद्याला कुंकू लावलं, आणि मागच्या बाजूला सगळ्या वायरी एकत्र घेऊन त्या पेटीच्या जाळीला लाल नाड्याने बांधल्या. तिची गाठ म्हणजे गाठ असे. "नाडा तोडू नको बरं," ती मला म्हणाली, "दसराना शे. आपोआप पडू दे." दसऱ्याला तिने अंगणात चूल मांडून खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी होणारी ती पोळी पालथ्या खापरावर पडायची तेव्हा होणारा मऊ आवाज मला आजही ऐकू येतो. मामांनी चार खाल्ल्या, मी तीन. माझं सगळं लक्ष बिस्किटांच्या डब्याकडे होतं.

दसऱ्यानंतर बुधवारी सकाळी दहाला चक्की वाजली. त्या आठवड्यात दहा ते दोन वीज होती. मी बोर्डातून प्लग काढला, पेटीची एक बाजू उघडली, कार्ड खाचेत बसवलं, स्क्रू पिळला, बाजू बंद केली. नाड्याला धक्काही लावला नाही. कॉम्प्युटर सुरू केला. तेवीस पावलं, पावलाला तेच चार सेकंद. कार्डाबरोबर आलेली सीडी घातली. ती म्हणाली, असं कोणतंही कार्ड मला सापडत नाही. मी वहीत लिहिलं. कार्ड काढून पुन्हा बसवलं, लिहिलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, लिहिलं. दोनला चक्की थांबली. गुरुवारीही चार तास असेच गेले. वहीत अकरा नोंदी झाल्या आणि अकराही नोंदींपुढे मी 'फरक नाही' असं लिहिलं. मी घाबरलो होतो असं म्हणता येणार नाही. मला खात्री होती की कारण एकच आहे आणि ते मोजणीत सापडेल. तरी मामा ओसरीवर बसून सुरतेच्या मिलमधल्या पंख्यांबद्दल बोलत, तेव्हा ते मला आवडत नव्हतं.

शुक्रवारी मामांनीच आपल्या मोबाइलवरून सुरतेच्या दुकानदाराला फोन लावून दिला. मी अकरा नोंदी वाचायला घेतल्या. तिसऱ्या नोंदीवर त्याने मला थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वायर क्यां लगाव्यो छे, भाई?"

वायर कुठे लावली ते मी पेटीच्या मागे वाकून पाहिलं. पडद्याची वायर जुन्याच जागी होती, मायच्या नाड्यात पक्की बांधलेली. नव्या कार्डाचं तोंड तिच्याखाली चार बोटांवर मोकळं होतं. कार्ड आत बसवलं म्हणजे कॉम्प्युटर ते वापरणारच, असं मी धरून चाललो होतो. अकरा नोंदींमध्ये वायर नव्हती, कारण ती बदलता येण्यासारखी गोष्ट आहे असं माझ्या मनातच आलं नव्हतं. ती बांधलेली होती.

मामा इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. "नवरदेव नवा घरमा बठाडा, आनि वरात जुना घरले धाडी!"

मी मायकडे गेलो. ती भाकरी थापत होती. मी सगळं समजावून सांगितलं. पेटी, कार्ड, वायर, नाडा. तिने हात पुसले, येऊन पेटीपुढे बसली, नमस्कार केला आणि नखाने गाठ सोडवली. "तीन दिवस यानासाठी बठना व्हता?" ती म्हणाली. "पहिले सांगता नही येस का? नाडा शे, कुलूप नही." नाडा तिने घडी करून देवापुढे ठेवला आणि परत भाकरीकडे गेली; तव्यावरची तोवर करपली होती, ती माझ्या ताटात आली.

वायर नव्या जागी लावली तर पडदा काळा. दुकानदाराने सांगून ठेवलं होतं तसं मी केलं. वायर परत जुन्या जागी, यंत्र सुरू होता होता एक कळ दाबून आतलं निळं पान उघडायचं, त्यात चित्र कोणत्या वाटेने आधी पाठवायचं ती ओळ बदलायची, मग वायर नव्या जागी. पडद्यावर चित्र आलं, मोठं आणि धूसर. सीडी या वेळी निमूट चालली, चित्र स्वच्छ झालं. मी सॉफ्टवेअर उघडलं, कळ दाबली. पावलाला तेच चार सेकंद.

इथे मात्र मी थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसलो. मग एकच गोष्ट उरते असं मनाशी म्हटलं. कार्ड आहे हे आता कॉम्प्युटरला कळलं होतं, सॉफ्टवेअरला कळलं नव्हतं. ते पहिल्यांदा बसवलं तेव्हा यंत्रात कार्ड नव्हतं, आणि त्याने तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आपलं आपणच करायचं. सेटिंगची पानं एकेक उघडत गेलो. सहाव्या पानावर तळाशी एक छोटा चौकोन रिकामा होता. चित्राचं काम कार्डाकडे द्यायचं की नाही, एवढाच त्याचा अर्थ. मी तिथे खूण केली, आणि चक्की थांबली. दोन वाजले होते.

शनिवारी सकाळी दहाला भांडी थरथरली तेव्हा मी आधीच खुर्चीवर होतो. खूण तशीच आहे का पाहिली. नव्हती, पुन्हा केली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. उंबरा, माजघर, चूल. तेवीस पावलं, सगळी मिळून बारा सेकंद. परत गेलो. बारा. नाना मागे येऊन उभे होते हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. ते म्हणाले, "कोठीनं दार उघड." मी उघडलं. "बंद कर." मी बंद केलं. ते गेले. मी बाराव्या नोंदीपुढे वेळ लिहिली.

रविवारी जिजी आली. आप्पा होते, मामा होते, माय दाराशी होती, आणि नाना आपल्या नेहमीच्या उंच स्टुलावर. जिजीने या वेळी खुर्चीचा हात धरला नाही. "हां. आते चाल," म्हणाली. आम्ही ओसरीवरून आत गेलो. चुलीशी थांबवून तिने धूर कुठून जाणार ते विचारलं. मागच्या बाजूला कोठी होती. तिच्या दोन बाजूंनी वळण घेऊन एक बोळ जात होता, आणि बोळाच्या टोकाला जिजीची खोली. "हाई मन्ही? खिडकीमाईन गोठा दिखस का?" मी वळवून दाखवलं; गोठा दिसत होता. ती पहिल्यांदा हसली. आप्पांनी अंगठ्यासाठी शाईची पेटी खिशातून काढली.

"आते मन्ही खाट काढ बाहेर," जिजी म्हणाली.

"खाट?"

"उन्हाळामा मी आंगनमा झोपस ना. रोज सांजले खाट बाहेर, रोज सकायले मझार. काढ."

पडद्यावरच्या घरात मी खाट आखलीच नव्हती. तिला मापं विचारली. तिने हवेत हात करून सांगितली. चार हात लांब, दोन हात रुंद, पाय एक हात उंच. म्हणजे सहा फूट, तीन फूट, दीड फूट. दहा मिनिटांत मी खाट उभी केली आणि सगळे करतात तशी कुशीवर कलती करून दारातून बाहेर घेतली. दारातून गेली. बोळात वळणाशी आलो आणि माझा हात थांबला.

पडद्यावरच्या भिंती खऱ्या भिंतींसारख्या अडवत नाहीत, हे इथे सांगितलं पाहिजे. त्या सॉफ्टवेअरमध्ये खाट भिंतीतून आरपार जाते. मी कळ दाबून धरली असती तर खाट सरळ अंगणात गेली असती. इतक्या झटपट, की जिजीला काही दिसलं नसतं, आप्पांना तर नाहीच. बोळ पावणेतीन फुटांचा होता. दीड फूट जाडीची, सहा फुटांची वस्तू त्या वळणातून जात नाही. मला ते आकड्यांत दिसत होतं, आणि पडद्यावर खाटेचा एक कोपरा नानांच्या भिंतीत वीतभर शिरलेला दिसत होता. सोमवारची गाडी डोक्यात आली नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या हातून नानांची चूक चार माणसांत दाखवली गेली, तर त्यानंतर त्या ओसरीवर मला जागा राहील का, हे मी त्या क्षणी खरोखर मोजत होतो.

"निंघस नही, जिजी," मी म्हणालो. "वळणले अडकस."

आप्पा लगेच म्हणाले, "मंग उभी करीसन काढूत, माय. त्यामा काय!"

जिजीने मान वळवून मुलाकडे पाहिलं. "उभी खाट घरमाईन कव्हय निंघस, काशिनाथ?"

घरात माणूस गेलं की खाट उभी करतात, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं.

"मी मरसू तव्हय काढजो उभी," ती म्हणाली. "रोज सांजले नही."

नाना स्टुलावरून उतरले. त्यांनी पडद्याजवळ येऊन त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, मग ओसरीवर जाऊन मूळ नकाशा आणला, पट्टी लावली, मनाशी काही म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. सोळा वर्षं त्यांनी सरकारी क्वार्टरं आखली होती, जिथे लोक आत पंख्याखाली झोपतात. पावणेतीन फुटांचा बोळ त्यांच्या हाताला तिथून लागला होता. आता माझं स्वतःचं ऑफिस आहे आणि कोणताही नकाशा बाहेर जाण्याआधी मी त्यातून एक खाट फिरवून काढतो. फ्लॅट असला तरी. हाताखालच्या पोरींना ते विचित्र वाटतं.

"चूक मन्ही शे, जिजी," नाना म्हणाले. अगदी साध्या आवाजात, माप सांगावं तसं. "पंखाखाले झोपनारा लोकसना नकाशा काढा मी." मग माझ्याकडे वळून, "कोठीनी भीत एक फूट मांगे ले. दोन्हीबी बाजूले."

मी भिंत मागे घेतली. बोळ पावणेचार फुटांचा झाला. खाट पुन्हा खोलीत नेली, कलती केली, वळणाशी हळू, पुढचं टोक आधी, मग मागचं. कुठेही न टेकता ती ओसरीवरून अंगणात उतरली. जिजीने अंगणात कोणत्या जागी ठेवायची तेही सांगितलं, आणि उशाची बाजू गोठ्याकडे करून घेतली. मग आप्पांच्या हातून शाईची पेटी घेतली.

"थांब," नाना म्हणाले. "पहिले कागद नीट करू दे." त्यांनी ब्लेडने ट्रेसिंगवरची जुनी भिंत खरवडली. ते सावकाश काम असतं. शाई निघाली पाहिजे आणि कागद फाटता कामा नये. नवी रेघ ओढली, फुंकर मारली. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात. एक आखणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दोन्हींत नानांचीच सही असायची, कारण तपासायला दुसरं कोणी नव्हतंच. त्यांनी पहिल्या चौकटीत सही केली, आणि पेन पुसून, दांडी माझ्याकडे करून पुढे धरलं.

मामा दारातून बघत होते. "मंग उद्यानी गाडीनं कसं?"

"तू जाय," नाना म्हणाले. "याले नही धाडत. तपासाले घरमा मानूस लागस."